हौशी गोटमाऱ्याचा क्लेम

मी बाथरूममध्ये घसरून पडलो.

हे चार शब्दांचं वाक्य लिहायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी पांढुर्णा ते सौंसर नऊ फेऱ्या मारल्या, विमा कंपनीशी भांडलो, विमा कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या हैदराबादच्या सरकारी खात्याला कामाला लावलं, मोहल्ल्यात शूर म्हणून मिरवलो आणि माझ्या बायकोला तिच्या सख्ख्या भावापासून तोडलं. शेवटची गोष्ट मी शेवटी घातली आहे, कारण ती लिहिताना अजून मान खाली जाते.

दोष टाइल्सचा. टाइल्स मी नागपूरहून आणल्या होत्या, पांढऱ्या, चकचकीत, चेहरा दिसेल अशा. वत्सलाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, दुकानातच त्यावर तळपाय फिरवून पाहिला आणि म्हटलं, "ह्या चिकन्या हायेत. पाय सरकन एखाद्या दिवशी." मी कृषी उपज मंडीत सत्तावीस वर्षं बाबू आहे. बायकोच्या तळपायावर विसंबून खरेदी करणं मला माझ्या पदाला शोभणारं वाटलं नाही. मी दुकानदारासमोर तिला टाइल्सच्या गुणवत्तेवर एक छोटं भाषण दिलं. दुकानदाराने मान डोलावली. ज्याला माल विकायचा आहे तो मान डोलावणारच, हे मला आज कळतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या अलीकडे आम्ही पांढुर्णेकर, पलीकडे सावरगावकर. मध्ये नदीत पळसाचं झाड रोवलेलं, त्याला झेंडा. आम्ही झेंडा आणायला धावायचं, सावरगावच्यांनी दगड मारायचे, आम्हीही मारायचे. झेंडा मिळाला की चंडीमातेच्या देवळात न्यायचा आणि मग डोकी बांधलेल्या दोन्ही बाजूंनी एकमेकांची चौकशी करायची. दर वर्षी कलेक्टर मनाईचा आदेश काढतात, दर वर्षी ॲम्बुलन्स रांगेत उभ्या राहतात. ह्यात शहाणपण किती आणि वेडेपणा किती, ह्यावर मी बोलणार नाही, मला इथंच राहायचं आहे. एवढं सांगतो की पांढुर्ण्यात पुरुषाच्या कपाळावरच्या खुणेला मान असतो, आणि माझं कपाळ वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत अगदी कोरं होतं. मी गोटमार नेहमी गच्चीवरून पाहिली, तीही दुसऱ्या रांगेतून.

वत्सलाचं माहेर सावरगाव. ती पोळ्याला तिकडे गेली होती आणि गोटमारीच्या दिवशी पूल बंद असल्यामुळे तिकडेच अडकली. मी घरात एकटा. अकराच्या सुमारास डोक्याला शाम्पू लावून मी लोटा शोधत होतो. नदीकडून आरडाओरड ऐकू येत होती. डोळे मिटलेले, मन नदीवर, पाय टाइल्सवर. पुढचं आपल्याला ठाऊकच आहे. डोकं नळावर आपटलं, डावा हात अंगाखाली गेला आणि हातातून असा आवाज आला की मला स्वतःलाच 'कोण आहे?' असं विचारावंसं वाटलं.

एका हाताने पँट चढवणे हा प्रकार मी वर्णन करणार नाही. पांढरा शर्ट खांद्यावर कसाबसा घेतला, डोक्याला टॉवेल गच्च गुंडाळला आणि फाटकाबाहेर आलो. कोपऱ्यावर ॲम्बुलन्स उभीच होती. चार पोरांनी मला उचलून आत घातलं. "काकाजी, घाबरू नका, आमी आहो," एक म्हणाला. त्याच्या स्वतःच्या गालातून रक्त येत होतं. पांढुर्ण्यातले दवाखाने भरले होते, म्हणून गाडी थेट सौंसरला गेली.

तिथल्या खासगी दवाखान्यात काउंटरवर एक मुलगी बसली होती. ती मान वर न करता प्रत्येकाला एकच शब्द विचारत होती. "गोटमार?" पुढचा म्हणायचा, हो. ती लिहायची. "गोटमार?" हो. माझा नंबर आला. माझ्या पुढे वीस वर्षांचा पोरगा, भुवई फुटलेली. मागे त्याच्याहून दांडगा, खांदा निखळलेला. दोघेही माझ्या टॉवेलकडे आदराने बघत होते. आयुष्यात माझ्याकडे कोणी असं बघितलं नव्हतं, मंडीत तर नाहीच.

"गोटमार?" मुलीने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

एवढंच झालं. पुढचे दोन महिने ह्या एका शब्दातून निघाले.

डोक्याला सात टाके, मनगटात प्लेट, तीन दिवस मुक्काम. संध्याकाळी पूल सुटल्यावर वत्सला धावत आली. तिच्या हातात पुरणपोळीचा डबा होता आणि डोळ्यांत पाणी. ती टाइल्सबद्दल विचारील अशी मला भीती होती. तिने विचारलं, "तुमी कायले गेलते नदीवर?"

"पाहायला गेलो होतो फक्त," मी म्हणालो. आता मागे फिरणं अवघड होतं, भुवईवाला पोरगा शेजारच्याच खाटेवर होता.

तिने डबा खाटेवर ठेवला. मग तिने हळूच विचारलं, "अंगात पांढरा शर्ट होता का?"

"हो," मी म्हणालो. शर्ट खरंच पांढरा होता.

ह्या दुसऱ्या 'हो'ने काय केलं ते मला रात्री कळलं. वत्सलाचा धाकटा भाऊ भाऊराव हा सावरगावचा नावाजलेला नेमबाज. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा त्याने सहज सांगितलं होतं की आज एका पांढऱ्या शर्टवाल्याच्या डोक्याला गोटा बरोबर लागला, तो आडवाच झाला. तो कोण होता, देव जाणे. वत्सलाने मात्र हिशेब जुळवला, आणि भाऊरावानेही. तो दवाखान्याच्या दारापर्यंत आला म्हणे, आत यायची हिंमत झाली नाही. वत्सला त्याला बाहेरच भेटली आणि म्हणाली, "माह्या कुकवावर नेम धरला तू. आता भाऊबीजेले ये नको."

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलंही, पण नर्सने त्यात थर्मामीटर घातलं.

घरी आलो तर मोहल्ला बदललेला. ज्या पानवाल्याने मला वीस वर्षं सुट्ट्या पैशांवरून त्रास दिला, त्याने पान फुकट दिलं. शेजारचे गुलाबराव रोज येऊन बसू लागले. गुलाबराव पोस्टातून रिटायर झालेले, सरकारातलं असं एकही खातं नाही ज्यातला एखादा साहेब त्यांना ओळखत नाही, असं ते म्हणतात. ते आल्यागेल्याला सांगायचे, "मी होतो ना तिथं. केशवराव सगळ्यांत समोर. गोटा येऊन राहिला, हे हटून नाई राहिले." गोटमारीच्या दिवशी गुलाबराव बैतूलला मुलीकडे होते. पण त्यांनी इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं की मलाच क्षणभर तो गोटा येताना दिसला.

आणि दर बुधवारी सकाळी फाटकाशी संत्र्यांची एक टोपली असायची. कोणी ठेवली हे कोणी सांगत नव्हतं, कोणाला सांगायची गरजही नव्हती. सावरगावात भाऊरावाची दीडशे झाडं आहेत. वत्सला टोपली उचलून आत आणायची, एकही संत्रं सोलायची नाही, माझ्यापुढे ठेवायची. "खा. तुमच्यासाठीच पाठवली त्यानं." मी खायचो. आंबिया बहराची संत्री, मधासारखी गोड, पण घशाखाली उतरत नव्हती हो.

आता विमा. आमचा एजंट अंकुर सौंसरचा. तीन वर्षांपूर्वी त्याने आम्हा दोघांची आणि हिमानीची, म्हणजे नागपुरात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीची, एकत्र पॉलिसी काढली होती. काढताना तो म्हणाला होता, "काकाजी, फक्त एक फोन करा, बाकी माह्यावर सोडा." मी फोन केला. त्याने फॉर्मवर सह्या घेतल्या, बिलं घेतली आणि उरलेलं खरंच स्वतःवर ठेवलं, म्हणजे पंधरा दिवस फोन उचलला नाही. मग कंपनीचं पत्र आलं. क्लेम नामंजूर. कारण, धोकादायक खेळात सहभाग आणि कायद्याचा भंग.

पत्र वाचून माझा स्वाभिमान दुखावला. आयुष्यभर मी लाल सिग्नलला रिकाम्या रस्त्यावर थांबलो आहे. मंडीच्या रजिस्टरात खाडाखोड न केलेला एकमेव बाबू मी. आणि मी कायद्याचा भंग केला? मी चिडून पांढुर्णा-सौंसर बस पकडली. बसमध्ये बसल्यावर आठवलं की तसं मीच लिहून दिलं आहे.

अंकुरने पॉलिसीचं पुस्तक उघडलं. तोही ते पहिल्यांदाच उघडत असावा, पानं चिकटलेली होती. "काकाजी, इथं पहा," तो म्हणाला. "हे काय वगळायचं ते कंपनी मनानं नाई लिहीत. हैदराबादले विमा नियामक आहे ना, इरडा, त्यानं सगळ्या कंपन्याईले एकच मजकूर ठरवून देल्ला. एका शब्दाचा फरक नाई करता येत."

मी चष्मा लावून वाचलं. धोकादायक खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यामुळे झालेली इजा वगळली होती. व्यावसायिक म्हणून. हा एक शब्द हैदराबादच्या कोणा भल्या माणसाने तिथं घातला होता.

त्या संध्याकाळी गुलाबरावांनी माझ्या अंगणात तो शब्द तीनदा मोठ्याने वाचला. "मंग झालं ना काम. तुमाले कोणी पगार देते का गोटमारीचा? नाई ना? मंग तुमी हौशी. लिहून द्या, मी हौशी गोटमाऱ्या हाव म्हणून." मोहल्ल्यातल्या सगळ्यांना हे पटलं. मलाही पटलं, कारण ह्यात खरं बोलावं लागत नव्हतं. कायदाभंगाबद्दल गुलाबराव म्हणाले की गुन्हेगारी हेतू असेल तरच तो लागतो, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून तसा हेतू कोणी म्हणणार नाही. हे त्यांनी कौतुक म्हणून म्हटलं असावं.

आधी कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याला लिहावं लागतं, ते लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, पहिल्याच पत्राची नक्कल, फक्त तारीख नवी. मग मी नियामकाच्या टोल-फ्री नंबरला फोन लावला. गुलाबरावांनी मला तयार करून ठेवलं होतं की तिथून एक चिठ्ठी निघाली की कंपनीचा मॅनेजर हात जोडून दारात उभा राहतो. मी त्या मॅनेजरला चहा द्यायचा की नाही, इथपर्यंत विचार केला होता.

फोनवर एक मुलगी होती, शांत, स्वच्छ मराठी बोलणारी. मी तिला सगळं सांगितलं.

"सर, गोटमार ही कुठल्या कंपनीची गाडी आहे?" तिने विचारलं.

मी समजावलं. तिने स्पेलिंग विचारून घेतलं. मग म्हणाली, "सर, दर वर्षी?" मी म्हणालो, दर वर्षी. मग तिने मला एक गोष्ट समजावली, जी गुलाबरावांच्या सगळ्या ओळखीच्या साहेबांनी कधी समजावली नव्हती. "आम्ही क्लेम मंजूर किंवा नामंजूर करत नाही, सर. कंपनीने नियमाप्रमाणे वागावं, कारण स्पष्ट सांगावं, वेळेत उत्तर द्यावं, हे आम्ही बघतो. तुमची तक्रार नोंदवली की कंपनीला ठरलेल्या दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. ते पटलं नाही तर पुढे विमा लोकपाल आहेत. फक्त सर, जे झालं तेच लिहा. कंपनीचं आम्ही तपासतो, तुमचं कंपनी तपासते."

तिने हे सगळ्यांनाच सांगायचं म्हणून सांगितलं असेल. मला घाम फुटला.

दसऱ्याला हिमानी घरी आली तेव्हा तिने फोनवरच नियामकाचं तक्रारीचं पोर्टल उघडलं. दुर्घटनेचा प्रकार निवडायचा होता. वाहन, घसरून पडणे, आग, प्राण्याचा हल्ला, इतर. 'घसरून पडणे' दुसऱ्याच नंबरवर होतं. तिचं बोट तिथं जरा थांबलं.

"बाबा, इतर ना?" तिने विचारलं.

मी आत पाहिलं. स्वयंपाकघरात वत्सला भाकरी थापत होती. दसऱ्याला भाऊराव सोनं द्यायला येतो, बत्तीस वर्षांत चुकलं नव्हतं. ह्या दसऱ्याला ती सकाळपासून चार वेळा फाटकाशी जाऊन आली होती, दर वेळी काहीतरी झाडण्याचं निमित्त करून. मी सांगितलं असतं तर ती त्याच पावली सावरगावला गेली असती. पण मग पानवाला होता, भुवईवाला पोरगा होता, टाइल्स होत्या. "इतर," मी म्हणालो.

दहा दिवसांनी कंपनीचा माणूस आला. मॅनेजर नव्हता आणि त्याने हातही जोडले नाहीत. नागपूरहून मोटरसायकलवर आलेला तपास करणारा तरुण होता, पाठीवर बॅग, हातात जाड फाइल. वरून आलेली तक्रार आहे, उत्तराची मुदत परवा संपते, म्हणून आज सगळ्यांचे जबाब हवेत, असं त्याने आल्या आल्या सांगितलं. त्याला एकच ठरवायचं होतं, मी व्यावसायिक की हौशी. नियामकाच्या त्या एका शब्दाने ह्या पोराला नव्वद-शंभर किलोमीटर पिटाळलं होतं.

मोहल्ला माझ्या मदतीला धावला. लोक वाईट नसतात, हे मी तुम्हाला आजही शपथेवर सांगीन. त्यांना फक्त माझी लाज राखायची होती.

"केशवराव?" पानवाला म्हणाला. "चाळीस वर्षं झाली खेळून राहिले. असा खेळाडू नाई."

"प्रॅक्टिस करतात का?" तरुणाने लिहिता लिहिता विचारलं.

"रोज. मंडीच्या मांगे." मंडीच्या मागे मी फक्त लघवीला जातो.

गुलाबराव म्हणाले, "त्याईच्या बराबरीचा पांढुर्ण्यात कोणी नाई, साहेब. हौशी, पण हौशी कसा? पक्का. एकदम पक्का हौशी." मग त्यांच्या लक्षात आलं असावं की गाडी रुळावरून उतरते आहे. ते उठले. "थांबा. ज्यानं मारला त्यालेच आणतो. तो सांगन का हे बाजूले उभे होते म्हणून."

मी "नको" म्हणालो. पण माझं 'नको' कोणी ऐकत नाही, 'हो' लगेच ऐकतात.

तासाभराने गुलाबराव स्कूटरवर भाऊरावाला घेऊन आले. तो फाटकातच थांबला. दोन महिन्यांत किती वाळला होता. पूर्वी तो आला की फाटक न उघडता वरून उडी मारायचा आणि "ताई, च्या मांड" म्हणत थेट स्वयंपाकघरात घुसायचा. आज त्याने चप्पल बाहेर काढली आणि फाटकाच्या खांबाला धरून उभा राहिला. वत्सला दाराच्या आत होती. मला तिचा पदर दिसत होता, ती दिसत नव्हती.

"लिहा साहेब," भाऊराव म्हणाला. "भाऊजींची काई चूक नाई. ते उभे होते बाजूले. गोटा माह्या हातचा."

तरुणाने पेन थांबवलं. "हे लिहून सही केली तर प्रकरण पोलिसात जाऊ शकतं. मनाईचा आदेश होता त्या दिवशी. समजतंय ना?"

"समजते."

"मग विचार करा."

"विचार करूनच आलो ना जी. ताईच्या नवऱ्याचं हाड मोडलं मी. पैसे तरी भेटू द्या त्याईले. तिकडं पोलीस काय करन ते करन." त्याने फाटकातून हात आत घालून पेन घेतलं. तोच हात, ज्याने दर बुधवारी टोपली ठेवली होती.

दाराच्या आतून पदर हलला. वत्सला रडत होती हे मला कळलं, कारण ती रडते तेव्हा काहीच आवाज येत नाही.

"मी बाथरूममध्ये घसरून पडलो," मी म्हणालो.

आवाज माझाच होता, पण मी तो पुष्कळ दिवसांनी ऐकत होतो. अंगणात सगळे माझ्याकडे वळले. सगळ्यांत आधी सावरले गुलाबराव. त्यांनी तरुणाकडे झुकून हळू आवाजात सांगितलं, "डोक्याले मार लागला ना त्याईच्या. होते कदी कदी असं."

"गुलाबराव, तुम्ही बैतूलला होता," मी म्हणालो. "आणि मी घरात होतो. टाइल्सवरून पाय सरकला. नदीवर मी गेलोच नाही. भाऊराव, तुझा गोटा कोणाला लागला असेल तो असेल, मला नाही लागला. मला नळ लागला."

तरुणाने फाइल उघडली, पानं उलटली आणि एक कागद बाहेर काढला. तो हसत नव्हता, पण हसू नये म्हणून बराच प्रयत्न करत होता. "एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून समजत नव्हती," तो म्हणाला. "दवाखान्याच्या कागदावर नर्सने लिहिलंय, टाके घालण्याआधी पेशंटच्या डोक्यातला शाम्पू धुतला. मी म्हटलं, गोटमारीत शाम्पू लावून कोण जातं? मला वाटलं इथली रीतच असेल."

कोणीतरी खुदकन हसलं. पानवाला असावा. त्याचं मी मनावर घेतलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्याने पानाचे पैसे पुन्हा घ्यायला सुरुवात केली.

वत्सला बाहेर आली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, टाइल्सवरच्या माझ्या भाषणाचं उत्तर आता मिळणार म्हणून खांदे वर केले. ती माझ्यासमोरून सरळ पुढे गेली. फाटकाशी जाऊन तिने भाऊरावाच्या हातातलं पेन काढून त्या तरुणाला दिलं आणि भावाचा हात धरला.

"चाल आत," ती म्हणाली. "किती वाळला रे. जेऊन जा."

"ताई, मी..."

"चाल म्हटलं ना."

मला वाटलं होतं, सत्य सांगितल्यावर हलकं वाटेल. मला लाज वाटली. एका नळासाठी मी ह्या माणसाला पन्नास दिवस फाटकाबाहेर उभं केलं होतं, आणि तो माझ्याकडे रागाने नव्हे तर काळजीने बघत होता. "भाऊजी, टाइल्स लै चिकन्या आहेत का?" त्याने विचारलं. मी त्याचे दोन्ही हात धरले. माझा एक हात प्लेटचा, म्हणून नीट धरता आले नाहीत. जेवताना वत्सलाने माझ्या भाजीत मीठ घातलं नव्हतं. मी ते मागितलं नाही.

तो तरुण जाताना म्हणाला, "काका, पहिल्या दिवशी 'पडलो' लिहिलं असतं तर पैसे केव्हाच मिळाले असते. पडण्याला कोणतीच अट नाही." मग त्याने सांगितलं की आता दवाखान्याकडून दुरुस्तीचं पत्र लागेल, उद्या दुपारपर्यंत, म्हणजे परवाच्या मुदतीत त्याचं उत्तर जाईल. ही माझी सौंसरची नववी फेरी. काउंटरवर तीच मुलगी होती. रांगेत माझ्यामागे सात-आठ माणसं. ह्या वेळी तिने मान वर केली.

"मग काय लिहू? बाथरूम?" तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"हो," मी म्हणालो. "बाथरूम. शाम्पू पण लिहा."

भाऊबीजेला भाऊराव फाटकावरून उडी मारून आला. वत्सलाने पाट मांडला, ओवाळलं, कुंकू लावताना त्याचं कपाळ जरा जास्तच जोरात दाबलं. त्याने ताटात ओवाळणी ठेवली आणि पिशवीतून एक गुंडाळी काढून तीही ताटाशेजारी ठेवली. रबराची मॅट होती, बाथरूममध्ये अंथरायची, निळी, खरखरीत. वत्सलाने त्यावर तळपाय फिरवून पाहिला.

"ही बरी हाय," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला, मग भाऊरावही हसला, मग मी. दोन महिन्यांत आमच्या घरात कोणी असं हसलं नव्हतं.

तेवढ्यात माझ्या फोनवर मेसेज आला. क्लेम मंजूर झाला होता, आणि त्याखाली विचारलं होतं, तुमच्या तक्रारीचं समाधान झालं का? हो किंवा नाही निवडा. माझं बोट सवयीने 'हो'कडे गेलं. मग मी थांबलो. माझ्या 'हो'वर आता माझाच भरवसा राहिला नव्हता. मी फोन वत्सलाकडे दिला. "तूच दाब," मी म्हणालो.

तिने मेसेज नीट वाचला, भावालाही वाचून दाखवला आणि फोन कुंकवाच्या ताटाशेजारी पालथा ठेवला.

"टाइल्स बदला," ती म्हणाली. "मंग दाबीन."

मेसेज अजून तसाच आहे. मिस्त्री सोमवारी येतो म्हणाला आहे.